तळं कुणाचं? पवईचा गळ आणि काठावरची घरं

आजचा विषय ऐकायला सुट्टीतला वाटेल. तळ्याकाठी बसायचं, गळ टाकायचा, आणि अशा गळ टाकणाऱ्यांची राहण्या-खाण्याची सोय करून त्यावर एखाद्या कुटुंबानं पिढ्यान् पिढ्या घर चालवायचं. परदेशात अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. आजोबांनी चार खोल्या बांधल्या, नातवंडं आज त्या चालवतायत. मुंबईच्या उपनगरांत त्याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा शोधायची, तर पवईच्या काठावर जावं लागतं. ती जागा एका कुटुंबाची नाही, हौशी गळवाल्यांच्या संस्थेची आहे. पण तिचा इतिहास पाहिला की अशा सगळ्याच ठिकाणांचं वर्म कळतं.

ते वर्म आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. अशा धंद्यात काठ आपला असतो, पण तळं आपलं नसतं. खोल्या, होड्या, स्वयंपाकघर, सगळं आपलं. आणि ज्याच्यासाठी माणूस इतक्या लांबून येतो ते पाणी आणि त्यातला मासा मात्र दुसऱ्याचा. आज आपण हाच एक धागा धरून जाणार आहोत.

आणि हा विषय दहिसरला का? कारण आपली दहिसर नदी तुळशी तलावापासून निघते. राष्ट्रीय उद्यानातून उतरते, बोरिवली-दहिसरमधून वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. विहार, तुळशी आणि पवई ही एकाच डोंगरातली तीन तळी. त्यांतल्या पवईवरच गळवाल्यांचं केंद्र का उभं राहिलं, हा आपला पहिला प्रश्न.

मासे धरण्याचे तीन प्रकार

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. मासे धरणं म्हणजे एकच काम नव्हे.

पहिला प्रकार पोटासाठीचा. ठाणे-पालघरकडच्या मंडळींना 'वलगण' हा शब्द सांगायला नको. पहिला दणकून पाऊस झाला, ओढे भरून वाहायला लागले, की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. शेतात, बांधावर, ओहोळात शिरतात. त्यांना काही ठिकाणी चढणीचे मासे म्हणतात. मग रात्री बत्त्या घेऊन लोक निघतात. कुणाकडे पाग, कुणाकडे बांबूच्या कामट्यांचा सापळा, कुणाकडे नुसती टोपली. ही घरच्या कालवणाची मासेमारी. एकेकाळी आपल्या उपनगरांतल्या गावठाणांत आणि पाड्यांवर ती सर्रास चालायची.

दुसरा प्रकार बाजारासाठीचा. त्यात जाळी येतात, होड्या येतात, मच्छीमार सहकारी संस्था येतात, ठेका येतो.

तिसरा प्रकार हौसेचा. एक काठी, एक रीळ, एक गळ, आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा, आणि दिवसभराचा धीर. पुष्कळदा पकडलेला मासा वजन करून परतही सोडतात. पोटासाठी मासे धरणाऱ्याला हा प्रकार चमत्कारिक वाटतो, आणि ते साहजिक आहे. पण हौसेवरही धंदा उभा राहतो. किलोभर माशाचे बाजारात जेवढे पैसे येतात, त्याच्या कितीतरी पट पैसे तो मासा गळाला लागण्याच्या आशेवर माणूस खर्च करतो. रिसॉर्ट उभं राहतं ते या आशेवर.

पिण्याला नापास, गळाला पास

आता पवईकडे येऊ. तलाव व्हायच्या आधी तिथं खोरं होतं, आणि त्या खोऱ्यात खरोखरच एका घराण्याचा कारभार होता. एकोणिसाव्या शतकात पवईची जहागीरवजा इस्टेट फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांकडे होती. शेतीचे प्रयोग करायची त्यांना भारी हौस. ऊस, नीळ, रेशमासाठी तुतीची झाडं, आणि आमराई. १८३८ साली त्यांनी इथले आंबे बोटीनं राणी व्हिक्टोरियाला पाठवले होते, ही हकीकत आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. धोबी तलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटला नाव आहे ते याच फ्रामजींचं.

तिकडे मुंबई वाढत होती आणि तिला पाणी पुरत नव्हतं. १८५६ ते १८६० या काळात विहार तलाव बांधला गेला आणि शहराला प्रथमच नळाचं पाणी मिळालं. पुढे १८७९ साली तुळशी. तरी पुरेना. शेवटी लांबच्या तानसा नदीवर मोठं धरण बांधायचं ठरलं. पण धरण व्हायला वेळ लागतो आणि तहान काही थांबत नाही. म्हणून १८९० च्या आसपास घाईघाईनं पवईच्या ओढ्यावर टेकड्यांच्या मध्ये बंधारे घातले आणि एक तात्पुरता तलाव केला. हा आपला पवई तलाव.

आणि झालं काय, तर १८९२ मध्ये तानसाचं पाणी मुंबईत आलं. पवईच्या पाण्याचा दर्जा तसाही बेताचाच होता. त्यामुळे पिण्यासाठी त्याची गरज उरली नाही. बांधून दोन-चार वर्षं होतात न होतात तोच तलाव बेकार झाला म्हणा ना!

आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. विहार आणि तुळशीचं पाणी शहराच्या नळात जात होतं, म्हणून त्यांच्यावर पहारा राहिला, आजही आहे. पवईचं पाणी कुणाच्या घशात जाणार नव्हतं, म्हणून तिथं माणसाला काठावर बसायची मोकळीक मिळाली. पिण्याला नापास झालेलं तळं गळाला पास झालं. पण यात एक धोकाही दडलेला आहे. जे पाणी कुणी पीत नाही, त्याच्या स्वच्छतेची काळजी कुणाला? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३६: हक्क भाड्यानं घेतला

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईत हौशी गळवाल्यांचा एक गट तयार झाला होता. त्यात बरेचसे युरोपियन अधिकारी आणि व्यापारी होते. त्यांतलं एक नाव सर रेजिनाल्ड स्पेन्स. हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे कार्यकर्ते. त्यांनी आणि एस. एच. प्रेटर यांनी मिळून मुंबई आणि दख्खनमधल्या गळाच्या माशांवर सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. म्हणजे हा नुसता रविवारचा विरंगुळा नव्हता, त्यात अभ्यासही होता. या मंडळींच्या पुढाकारानं पवई तलावातला मासेमारीचा हक्क भाड्यानं घेतला गेला आणि १९३६ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन उभी राहिली. राज्याचं नाव बदललं तसं संस्थेचंही बदललं. आज ती महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे.

पाहा, सुरुवात कशानं झाली? हक्क भाड्यानं घेण्यानं. तलाव महापालिकेचा, संस्थेकडे फक्त परवानगी. आणि तरीही तळ्याची रोजची देखरेख करणारं माणूस कोण, तर हे भाडेकरूच. घरमालक लांब राहतो आणि गळकं छप्पर भाडेकरूला दिसतं, तसलाच प्रकार.

साहेब गेले, पण संस्था टिकली. नंतरच्या काळातलं सर्वांना माहीत असलेलं नाव सांगायचं तर संगीतकार नौशाद. 'बैजू बावरा' आणि 'मुघल-ए-आझम'चे नौशाद साहेब गळाचे निस्सीम शौकीन होते आणि या संस्थेचे अध्यक्षही होते. चाल सुचायला आणि मासा लागायला धीर सारखाच लागत असणार, असं आम्हाला उगाच वाटतं.

गळाचं तळं म्हणजे बाग

आता थोडं शास्त्र. पुष्कळांना वाटतं, तळं आहे म्हणजे मासे असणारच, बसून धरायचे इतकंच. पण पवईसारख्या तळ्यात तसं होत नाही.

गळवाल्यांना हवे असतात ते मोठे, जोर लावणारे मासे. रोहू, कटला, मृगळ. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते तळ्यात उत्तम वाढतात, पण साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला पूर लागतो, वाहतं पाणी लागतं. मघाची वलगण आठवा. ओढाच नसेल तर चढणार कुठं? मग तळ्यात मासे राहायचे कसे? बाहेरून बीज आणून सोडायचं. आधी मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं. ती वाढवून बोटाएवढी झाली की बोटुकली. बोटुकली तळ्यात सोडायची, आणि वर्ष-दोन वर्षं वाट पाहायची.

पूर्वी हे बीज नदीतून गोळा करावं लागे आणि त्यात नको ते मासेही यायचे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून हवं तेव्हा अंडी घालायला लावण्याचा प्रयोग यशस्वी केला. म्हणून १० जुलै हा आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. या प्रयोगानं देशभरच्या तळ्यांचं चित्र पालटलं.

आपल्या महाराष्ट्रातलं नाव घ्यायचं तर डॉ. चं. वि. कुलकर्णी. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक होते. तरुणपणी, १९४० साली, त्यांनी आपल्या किनाऱ्यावरचा एक अगदी बारीक मासा जगासमोर आणला. होराइक्थिस सेतनाई हे त्याचं नाव. पुढे लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी महसीर माशाचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं, त्यामागे कुलकर्णी होते. महसीर म्हणजे गोड्या पाण्यातला गळवाल्यांचा राजा. दख्खनी महसीरचं शास्त्रीय नाव टोर खुद्री. कर्नल सायक्स यांनी १८३९ साली त्याचं वर्णन छापलं, आणि दख्खनच्या माशांना नावं देताना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावंच बऱ्याच ठिकाणी उचलली. म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांत आपल्या भोयांचे-कोळ्यांचे शब्द जाऊन बसलेत!

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की गळाचं तळं ही लावलेली बाग असते. बीज सोडा, राखण करा, जाळी टाकणाऱ्यांना थोपवा, किती धरायचे याला मर्यादा घाला. एक वर्ष हे चुकलं तर ते लगेच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी दिसतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

बागेतही चुकीचं झाड लावता येतं, हेही ऐका. लोणावळ्यात वाढवलेल्या खुद्री महसीरची पिल्लं देशात इतरत्र सोडली गेली, त्यांत कावेरीही होती. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा एक महसीर आहे, पाठीला उंचवटा असलेला. तो मागे पडत गेला आणि आज अतिधोक्यात आहे. हे ध्यानात कसं आलं? कर्नाटकात कावेरीकाठी गलीबोर इथं गळवाल्यांचा कॅम्प होता. तिथल्या १९९८ ते २०१२ या वर्षांच्या नोंदवह्या संशोधकांनी तपासल्या. कुणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती. त्यातून कळलं की बाहेरचा महसीर वाढतोय आणि घरचा कमी होतोय. हौशी माणसांनी आपल्या बढाईसाठी लिहिलेली वही शास्त्राला उपयोगी पडली. अशा काठावरच्या जागांची ही एक बाजू सहसा कुणी मोजत नाही.

अमेरिकेतली घरं

आता तुलनेसाठी जरा लांब जाऊ. अमेरिकेचं मिनेसोटा, विस्कॉन्सिन, शेजारचं कॅनडातलं ऑन्टॅरिओ. हजारो तळी असलेला मुलूख. तिथलं जंगल तोडून झालं, लाकडाचा धंदा ओसरला. पण रेल्वे येऊन पोचली होती, आणि १९२० च्या सुमारास मोटारी सामान्य माणसाच्या हातात आल्या. शहरातली माणसं उन्हाळ्यात तळ्याकडे यायला लागली. काठावरच्या शेतकऱ्यानं आधी एक खोली दिली, मग चार लाकडी केबिनी बांधल्या. बाप होडी चालवून मासे कुठं आहेत ते दाखवायचा, आई सकाळची न्याहारी आणि चादरी सांभाळायची, मुलं आमिषाच्या छोट्या माशांची बादली वाहायची. पाहुणेही तेच तेच, दर वर्षी त्याच आठवड्याला, त्याच केबिनीत. पाहुण्यांची मुलं मोठी झाली की आपली मुलं घेऊन यायची.

आपल्या कोकणातल्या खानावळवजा घरगुती मुक्कामांशी हे चित्र किती जुळतं बघा. फरक एकच. तिथं बहुतेक मोठी तळी सार्वजनिक आहेत आणि त्यांत मासे सोडण्याचं, किती धरायचे ते ठरवण्याचं काम सरकार करतं. म्हणजे तिथंही काठ कुटुंबाचा, तळं सगळ्यांचं. पण तळ्याला एक धनी आहे आणि तो कामाला येतो.

तरीही ही घरं कमी होत गेली. कारण साधं आहे. तळ्याकाठची जमीन इतकी महाग झाली की केबिनी चालवून जे मिळेल त्यापेक्षा जमीन विकून जास्त मिळू लागलं. पुढच्या पिढीला उन्हाळाभर चादरी बदलायच्या नव्हत्या. एकेक केबिन विकली गेली, तिथं खासगी बंगले आले. मासे होते, पाणी होतं, पण धंदा गेला.

पवईला उलटं झालं. काठ महाग झाला आणि त्याच्याबरोबर पाणीही गेलं. ते कसं, ते पाहू.

पाणी बिघडतं म्हणजे काय होतं

१९५८ साली पवईला आयआयटी आली. कारखाने आले. पुढे ऐंशीच्या दशकापासून उंच इमारती आल्या. डोंगरात खाणी झाल्या, त्यांची माती पावसाबरोबर तळ्यात उतरली. वस्त्यांचं सांडपाणी नाल्यांतून येऊन मिळायला लागलं. बंगला असो की झोपडी, मैलापाण्याची नळी नीट जोडलेली नसेल तर ते पाणी उतारानं तळ्यातच जाणार.

सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे एका अर्थानं खतच. त्यावर जलपर्णी माजते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, फूल सुंदर आणि वाढ भयंकर. तिच्याबरोबर शेवाळही वाढतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, तोवर ठीक. पण रात्री तेच शेवाळ प्राणवायू खायला लागतं. कुजणारी पानं आणखी खातात. जलपर्णीच्या जाड थरामुळे हवेतला प्राणवायूही पाण्यात नीट मिसळत नाही. म्हणून अशा तळ्यात सर्वांत वाईट वेळ पहाटेची. तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडी टाकतात. ढगाळ हवेचे दोन दिवस लागोपाठ आले, की तिसऱ्या सकाळी मेलेले मासे काठाला लागतात. लोक म्हणतात, कुणीतरी विष टाकलं. पुष्कळदा विष कुणीच टाकलेलं नसतं, ते आपण सगळ्यांनी थोडं थोडं टाकलेलं असतं.

यात सगळे मासे एकदम जात नाहीत. स्वच्छ, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागणारा महसीर आधी हरतो. मग बाकीचे मोठे मासे. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात, ते तग धरतात. आणि चिलापी, म्हणजे १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेतला तिलापिया, तो कशातही जगतो आणि भराभर वाढतो. म्हणून गळाला काय लागतंय यावरून तळ्याची तब्येत कळते. नुसती चिलापी लागायला लागली, की समजायचं, तळ्याचं प्रगतिपुस्तक लाल शाईनं भरलंय.

हे काठावर बसणाऱ्यांना सर्वांत आधी दिसलं. तळं वाचवण्याच्या प्रयत्नांत गळवाले पुढे होते, ते काही केवळ परोपकारानं नव्हे, आणि त्यात वावगंही काही नाही. ज्याचा स्वार्थ तळ्याच्या जगण्यात आहे, तो तळ्याचा चांगला राखणदार. १९९५ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं जतन करायच्या देशातल्या मोठ्या तलावांत पवईचा समावेश केला. नंतर जलपर्णी काढणं, पाण्याचं जैविक शुद्धीकरण, असे उपाय झाले. पण नाल्यातून सांडपाणी येतच राहिलं तर जलपर्णी काढणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. हा पाढा अजून संपलेला नाही.

मधल्या काळात तळ्याभोवती सायकल ट्रॅक बांधायचं निघालं. कामही सुरू झालं. त्याविरुद्ध काही जण न्यायालयात गेले, त्यांत आयआयटीचे विद्यार्थी होते. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पाणथळ जागांच्या नियमांच्या आधारे ते बांधकाम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. तळ्यातल्या मगरींचा काठावरचा वावर हाही त्या वादातला मुद्दा होता. म्हणजे काठावर हक्क सांगणाऱ्यांत आता माणसाबरोबर मगरही आहे, आणि कायदा तिच्या बाजूनं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिला सर्वांत वरचं संरक्षण आहे.

पवनेचे तंबू

आता तुम्ही म्हणाल, कुटुंबानं चालवलेली तळ्याकाठची जागा आपल्याकडे मुळीच नाही का? आहे की. पुण्याच्या मावळात पवना धरण पाहा. १९७२ साली धरण झालं. खाचरं पाण्याखाली गेली, गावं वर सरकली. तिकोना आणि तुंग यांच्यामध्ये आज जे निळंशार पाणी दिसतं, त्याच्या तळाशी कुणाकुणाची भाताची शेती आहे. आणि त्याच पाण्याच्या काठावर आज स्थानिक कुटुंबांनी तंबू टाकलेत. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची पोरं येतात. पिठलं-भाकरी, चिकन, शेकोटी. घरचीच माणसं राबतात.

पण तिथंही आपलं वर्म लागू आहे. पाणी पाटबंधारे खात्याचं. ते पिंपरी-चिंचवडला जातं. धरणांतली मासेमारी ठरावीक मुदतीच्या ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांना दिली जाते. तंबूवाल्या कुटुंबाच्या हातात त्यातलं काहीच नाही. धरणातून बंद जलवाहिनी टाकण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात आंदोलन झालं, त्यात पोलीस गोळीबारात तिघांचा जीव गेला. पाणी कुणाचं हा प्रश्न आपल्याकडे इतका जड आहे. आपण मजेत गळ टाकायला जातो त्या पाण्याच्या खाली कुणाची तरी जमीन असते, एवढं भान ठेवून जावं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. तळ्याकाठची मासेमारीची जागा टिकायला तीन गोष्टी लागतात. काठावर रोज हजर असणारं माणूस, मग ते कुटुंब असो की संस्था. तळ्याला जबाबदार असा धनी. आणि या दोघांमधला लांब मुदतीचा, विश्वासाचा करार. अमेरिकेतल्या घरांत पहिलं माणूस गेलं. पवनेला माणूस आहे, पण करार नाही. पवईला माणूस आणि करार दोन्ही होते, पण वरून येणाऱ्या सांडपाण्याची जबाबदारी घेणारा धनी पुरेसा जागा नव्हता. एक वर्षाच्या परवान्यावर कुणी बोटुकली सोडत नाही. वीस वर्षं इथंच राहायचंय असं वाटलं, तरच माणूस आज मासा परत पाण्यात टाकतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एक प्रश्न आला की, मग गळवाल्यांना राखणदार म्हणता, पण काठावरच्या पाड्यांतल्या माणसानं जाळं टाकलं की तो चोर, हा न्याय कुठला? प्रश्न रास्त आहे. भाड्याचा हक्क कागदावर येतो, तेव्हा त्याआधीचा बिनकागदाचा हक्क पुसला जातो. आमच्या मते उत्तर त्यांना हाकलण्यात नाही. बीज सोडणं, राखण, होड्या चालवणं, वाटाड्या होणं, ही कामं काठावरच्याच माणसांना मिळाली तर जाळ्यापेक्षा जिवंत मासा त्यांच्या जास्त फायद्याचा ठरतो. कावेरीकाठच्या कॅम्पांत पूर्वी चोरून मासे मारणारेच पुढे राखणदार आणि वाटाडे झाल्याची उदाहरणं आहेत.

दुसरा प्रश्न आपल्या घरचा. दहिसर नदीत मासे परत येतील का? उद्यानाच्या आत, वरच्या भागात, नदीची स्थिती पुष्कळ बरी आहे. अडचण खाली आहे. उद्यान सोडलं की तबेल्यांचं शेण, वस्त्यांचं सांडपाणी आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. इथं बोटुकली आणून सोडायची, फोटो काढायचे, हा उपाय नव्हे. पाणी सुधारलं नाही तर ती चार दिवसांत मरतील, आणि सुधारलं तर वरच्या ओढ्यांतले मासे पावसाळ्यात आपणहून खाली-वर करतील. त्यांना आमंत्रण लागत नाही. म्हणून विचारायचं असेल तर आपल्या प्रभागात एवढंच विचारा, की नदीला मिळणाऱ्या नाल्यांपैकी किती नाल्यांचं पाणी आज शुद्धीकरणाकडे वळवलंय आणि किती बाकी आहेत. नाल्यांची नावं घेऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, म्हणजे वही आपोआप तयार होते.

इथं थांबतो.